गालावरची शांती

मार खाल्ल्याची गोष्ट कुणी इतक्या मायेनं सांगायला बसतं का, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापाशी काय लपवायचं, माझ्या डाव्या गालावर लहानपणी एक चापट बसली होती आणि ती मी आजवर जपून ठेवली आहे. चापट तरी कसली, दोन बोटांची शेवटची पेरं गालाला लागली आणि उचलली गेली, एवढंच. बोटं थंड होती, मे महिन्याच्या त्या उकाड्यातही थंड, आणि त्यांना एक वास होता जो मला तोवर कुठंच भेटला नव्हता, घरात नाही, वाडीत नाही, बाजारातही नाही. बिशपांची बोटं होती ती. दृढीकरणाच्या दिवशी कपाळावर तेलाचा क्रूस काढून झाला की बिशप प्रत्येक मुलाच्या गालावर अशी हलकी चापट मारत आणि लॅटिनमध्ये म्हणत, ‘पाक्स तेकुम’, तुला शांती असो. गालावर मारायचं आणि त्याच श्वासात शांती द्यायची, यातला मेळ त्या वयात बसला नाही. आणि आता बसवायचा म्हटलं तर ती चापटच उरलेली नाही. विधीतून ती गेली त्याला अर्धं शतक उलटून गेलं.

तुम्ही आमच्यातले नसाल तर थोडं मागं जाऊन सांगते. आमच्यात बाळाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा बाळाला काहीच कळत नसतं. त्याच्या वतीनं मोठी माणसं ‘होय’ म्हणतात, पाणी डोक्यावर पडतं, बाळ किंचाळतं आणि नाव ठेवलं जातं. पुढं बाळ मोठं होतं, धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागतं, आणि मग एक दिवस बिशप स्वतः येऊन, जे तेव्हा दुसऱ्यांनी कबूल केलं ते पक्कं करून घेतात, पवित्र आत्म्याची मोहर त्याच्या कपाळावर उठवतात. हे दृढीकरण. गावातल्या फादरांचं ते काम नव्हे, ते बिशपांचं. आणि बिशप राहायचे मुंबईत. आमच्या वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो १९९८ साली. मी सांगते आहे ती साठच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा आम्ही मुंबईच्या धर्मप्रांतातले, आणि बिशप यायचे म्हणजे गावाला सणाच्या वरचा सण असायचा. ते दरवर्षी येत नसत, म्हणून एकाच रांगेत दुधाचे दात पडलेलं पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा शेजारी शेजारी गुडघे टेकून बसलेले दिसायचे.

आणि त्या मोठ्या मुलांनीच आम्हा लहानांना भिववून सोडलं होतं. बिशप थोबाडीत मारतात, म्हणायची, आणि अशी मारतात की कानात दिवसभर घंटा वाजते. एकानं तर सांगितलं की बिशपांच्या उजव्या हातातल्या अंगठीचा खडा लागून त्याच्या मामाचा गाल फाटला होता, आणि आम्ही त्या मामाच्या गालाकडे मिस्सेला चोरून बघत बसायचो. दाढीच्या खुंटांत काही दिसत नसे, पण म्हणून विश्वास कमी झाला असं नाही. वर्गात मास्तर आम्हांला पवित्र आत्म्याची सात दानं पाढ्यांच्या चालीवर घोकायला लावायचे: शहाणपण, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. भयाशी आलं की आवाज आपोआप खाली यायचा. बिशपांच्या अंगठीचं चुंबन कसं घ्यायचं याचीही तालीम व्हायची. बिशपांपुढं डावा गुडघा टेकायचा, उजवा देवापुढं, हे मास्तर कितीदा तरी बजावायचे, आणि स्वतःच्या बोटात कसलीशी पितळी अंगठी अडकवून हात पुढं करायचे. त्या हाताला खडूचा आणि तपकिरीचा वास यायचा. चापटेची तालीम मात्र त्यांनी कधी घेतली नाही, नुसतंच गालातल्या गालात हसले.

दृढीकरणाला एक जबाबदार माणूस लागतं, धर्मपिता किंवा धर्ममाता, तेव्हा मुलाला बाप्या आणि मुलीला बाईच लागायची, जे मुलाच्या मागं उभं राहतं आणि उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवतं. तेव्हाच्या चर्चच्या कायद्यात, १९१७च्या, असा नियम होता की स्नानसंस्काराला ज्यांनी बाळ हातात घेतलं त्यांनीच शक्यतो दृढीकरणाला उभं राहू नये, दुसरं कुणी असावं. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय असेल ते असो, मला त्यातला व्यवहार फार आवडतो. एका पोराला आणखी एक नातं मिळायचं, सणाला जायला आणखी एक घर, रागवायला आणखी एक माणूस. माझ्या वाट्याला माझी आत्या आली. तिचं सासर आमच्या बांधाला लागूनच होतं, नवरा लवकर गेलेला, आणि वाडीतला मोगरा, जाई, अबोली घेऊन ती पहाटेच्या गाडीनं दादरला जायची. आईनं तिला रीतीनं विचारलं तेव्हा म्हणाली, ‘बघ बाय, त्या दिवशी बाजार बुडेल माझा,’ आणि मग लगेच, ‘बुडू दे.’

आत्याचा वास मला अजून जसाच्या तसा सांगता येतो. ओल्या सोपटात बांधलेल्या मोगऱ्याच्या पुड्यांचा, पाटाच्या चिखलाचा, कनवटीच्या पानसुपारीचा आणि या सगळ्याच्या खाली कुठंतरी लाकडी पेटीतल्या लुगड्याचा, ज्यात ती सुकलेली सोनचाफ्याची फुलं टाकून ठेवायची. दादरहून परतल्यावर त्यात आगगाडीच्या लोखंडी दांड्यांचा वासही मिसळलेला असायचा. ती बोलायची कमी आणि हातांनी सांगायची जास्त. नकार द्यायचा तर तळवा, बोलावायचं तर बोटं, शाबासकी द्यायची तर पाठीत एक धपाटा, जो बिशपांच्या चापटेच्या कितीतरी पट जोराचा असायचा.

आदल्या दिवशी गाव झाडून निघालं. चर्चच्या फाटकाशी केळीचे खांब, त्यावर आंब्याची डहाळी, रंगीत कागदाच्या पताका खळीनं चिकटवलेल्या, आणि बँडवाले आपापल्या अंगणात पितळी वाद्यं चिंचेनं घासत बसलेले. आम्हांला पापनिवेदनाला नेलं, मग न्हाऊ घातलं. मला आत्यानंच न्हाऊ घातलं, विहिरीवर, शिकेकाईनं, डोळे चुरचुरेपर्यंत. एरवी न्हाण्याच्या आधी आणि नंतरही डोक्यावर खोबरेल थापणारी माझी आत्या त्या दिवशी तेलाच्या बाटलीकडे बघत राहिली, कारण फादरांची सक्त ताकीद होती: कपाळ स्वच्छ हवं, केस मागं ओढून बांधलेले हवेत, आणि केसांना तेल नको, नाहीतर ते घामाबरोबर ओघळून कपाळावर येईल आणि पवित्र तेलात मिसळेल. ‘एक तेल दुसऱ्या तेलाला काय करतंय?’ ती पुटपुटली. तेल न लावलेले माझे केस वाळून भुरभुरायला लागले, ते तिनं पाण्याचा हात फिरवून बसवले आणि इतके ताणून बांधले की माझ्या भुवया वर चढल्या. शेजारच्या खोलीत कोळशाची इस्त्री फिरत होती. खळ घातलेल्या पांढऱ्या झग्यातून गरम वाफेचा आणि किंचित करपलेल्या तांदळाचा वास येत होता, आणि तो वास म्हणजेच उद्या, असं मला वाटत राहिलं.

विधी मला सलग आठवत नाही. कुणी सलग आठवतो म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही. आठवतं ते असं, की फरशी गुडघ्यांना थंड लागली आणि मग लागेनाशी झाली. की धूप, घाम, मोगरा आणि नव्या कापडाचा वास एकमेकांत शिरून छतापर्यंत चढला होता. की बिशपांनी दोन्ही हात आमच्या सगळ्यांच्या वर पसरले तेव्हा त्यांच्या बाहीचं अस्तर मला दिसलं आणि ते बाहेरच्या कापडापेक्षा जुनं होतं. ते लॅटिनमध्ये लांब काहीतरी म्हणत होते आणि आम्ही मधे मधे ‘आमेन’ म्हणत होतो, घोकल्याप्रमाणे. मग ते रांगेच्या एका टोकाकडून निघाले. पुढं तेल घेतलेले एक फादर, मागं कापूस घेतलेले दुसरे. माझ्या हातात एक कागदाचा तुकडा होता, घामानं मऊ झालेला, त्यावर दृढीकरणाचं नाव लिहिलं होतं. नवं नाव घ्यायची ही चाल विधीच्या पुस्तकातली म्हणण्यापेक्षा लोकांची. ज्या संताचं नाव घ्यायचं त्यानं पुढं सांभाळायचं. माझ्यासाठी आत्यानं आग्नेस निवडली होती, का ते तिनं कधी सांगितलं नाही. बिशपांनी कागद वाचला आणि लॅटिन वळणानं ‘आन्येस’ म्हणाले, आणि मी क्षणभर वळून बघणार होते, कुणाला हाक मारली म्हणून. त्याच वेळी खांद्यावरचा आत्याचा हात दाबला गेला. त्या दाबात ‘तुलाच’ असं होतं.

मग अंगठा. बिशपांची चार बोटं माझ्या डोक्यावर टेकली आणि अंगठा कपाळावर उतरला, वरून खाली, मग आडवा. तेल अंगठ्याच्या उबेनं पातळ झालेलं, आणि तो वास. पुढं कधीतरी कळलं की त्या तेलाला क्रिझम म्हणतात, ऑलिव्हच्या तेलात बाल्सम नावाचा सुगंधी डिंकरस घालून ते बनवतात, आणि पवित्र आठवड्यात बिशप त्यावर फुंकर घालून ते पवित्र करतात. बाल्सम मूळचा पूर्वेकडचा. पुढं सोळाव्या शतकात पोपांनी अमेरिकेतल्या झाडांचा बाल्समही चालेल अशी मुभा दिली, कारण जहाजं तिकडून येऊ लागली होती. म्हणजे माझ्या कपाळावर जे टेकलं त्यात कुठलं झाड होतं कोण जाणे. मला तो वास थोडा व्हॅनिलाचा, थोडा जुन्या लाकडी कपाटाचा, थोडा औषधाचा वाटला. त्यावर आत्याच्या बोटांतला मोगरा खांद्यावरून येत होता, आणि ते दोन्ही वास माझ्या नाकापाशी काही क्षण एकत्र राहिले. तसे ते पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. मी पुढं मुद्दाम मोगऱ्याच्या हंगामात चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून पाहिलं आहे.

आणि चापट. ती आली आणि गेली, केळीच्या पानावरून दव घसरावं तशी. मी डोळे घट्ट मिटून, दातांवर दात दाबून तयार राहिले होते, आणि डोळे उघडले तेव्हा बिशप पुढच्या मुलीपाशी पोचले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. मला चक्क फसवल्याचं वाटलं. इतक्या दिवसांची भीती आणि एवढीशी चापट! मागच्या फादरांनी कापसानं कपाळ पुसलं, कापूस एका ताटलीत टाकला, आणि संपलं. बिशपांचा अखेरचा आशीर्वाद होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असा दंडक होता. गुडघे बधिर झालेली ती सगळी रांग एकमेकांच्या गालांकडे तिरक्या नजरेनं बघत बसली होती, कुणाचा लाल झाला आहे का म्हणून.

फ्रान्समधल्या माँद या गावी तेराव्या शतकाच्या अखेरीस गियोम द्युराँ नावाचे बिशप होते; ही चापट लिहून ठेवणारे पहिले तेच, आणि त्यांच्या विधिग्रंथातून ती पुढं रोमच्या ग्रंथात गेली आणि तिथून जगभर. कुणी म्हणतात की सरदाराची दीक्षा देताना मानेवर तलवारीचा ठोका देत, त्याची ही सावली. कुणी म्हणतात, मुळात ते शांतीचं चुंबन होतं आणि लहान मुलांच्या बाबतीत त्याची चापट झाली. आम्हांला वर्गात शिकवलेलं कारण वेगळंच होतं, की तू आता ख्रिस्ताचा शिपाई, श्रद्धेसाठी अपमान सोसायची तयारी ठेव. पण द्युराँनी स्वतः जी कारणं दिली त्यातलं एक इतकं साधं आहे की मला ते वाचून हसू फुटलं: हा संस्कार झाला हे पक्कं लक्षात राहावं, म्हणून. सातशे वर्षांपूर्वीचा तो फ्रेंच बिशप मुलांना चांगला ओळखून होता. माझ्यावरून सांगते, बाकीचं मी विसरले. सात दानांतलं एखादं अजून अडखळतं. पण ती दोन पेरं कुठं टेकली होती ते मला आरशाशिवाय दाखवता येईल.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनं दृढीकरणाचा विधी नव्यानं बघायला सांगितलं, आणि १९७१च्या ऑगस्टमध्ये पोप पॉल सहावे यांनी नवा विधी जाहीर केला. त्यात तेल राहिलं, हात राहिला, आणि तेल लावतानाचे शब्द बदलून पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतले जुने शब्द घेतले, पवित्र आत्म्याच्या दानाची मोहर स्वीकार, या अर्थाचे. चापट गेली, तिच्या जागी बिशप शांती देतात आणि मूल उत्तर देतं, दोघंही तोंडानं. यात काही वाईट झालं असं मला म्हणता येत नाही. मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा आई रडली होती, कारण इतकी वर्षं आपण काय म्हणत आलो ते तिला पहिल्यांदा कळत होतं. तिच्या त्या रडण्याच्या विरुद्ध मी कशी जाऊ? शिवाय मुलांना मारणं, मग ते नावाला का असेना, आजच्या काळात कुणाला समजावून सांगायचं? मला फक्त इतकंच म्हणायचं आहे की शब्द कळायला लागले त्याच सुमारास हात कमी झाले, आणि त्या दोन गोष्टी बरोबरच व्हायला हव्या होत्या का, हे मला अजून पटलेलं नाही.

कारण त्याच्याही आधी कितीतरी स्पर्श गळून गेले होते, ज्यांची मला तेव्हा कल्पनाही नव्हती. सोळाव्या शतकाच्या शेवटी, पोप क्लेमेंट आठवे यांच्या काळात छापलेल्या विधिग्रंथात सांगितलं आहे की तान्ह्या मुलाला धर्मपित्यानं उजव्या हातावर धरावं, आणि जे मोठे असतील त्यांनी आपला पाय आपल्या धर्मपित्याच्या उजव्या पायावर ठेवावा. पायावर पाय! मी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटून बसले. आमच्या वेळी हे कुणी केलं नाही, कुणाला माहीत असल्याचंही दिसलं नाही. पण आत्याचा पाय माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, भेगाळलेल्या टाचेचा, पाटात उभं राहून नखांत कायमचा चिखल धरलेला, रुंद, पसरट पाय, ज्यावर एक काय दोन पोरं उभी राहिली असती. तिच्या पावलावर माझं पाऊल टेकवून मी बिशपांपुढं उभी राहिले असते तर ते पाऊल कसं लागलं असतं हे मला नेमकं ठाऊक आहे, गार, खरखरीत, आणि जराही न हलणारं.

तो ग्रंथ छापला जात होता तेव्हा वसईत पोर्तुगीजांचं राज्य होतं, आपली वसई गोव्याच्या धर्मप्रांतात होती, आणि इथंच जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानच्या वाटेवर पुढं गेलेला होता. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ साली तो संत झाला. किल्ल्यात त्याचा सण होतो तेव्हा मी जाते. छप्पर नसलेल्या त्या चर्चांमधून हिंडताना, चुन्यात उगवलेल्या पिंपळाची मुळं चुकवताना, मी नकळत जमिनीकडे बघते. इथं कुणाचा पाय कुणाच्या पायावर होता, गोव्याहून आलेल्या कुठल्या बिशपांसमोर, हे दगडांवर कुठं लिहिलेलं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, ते सगळं संपलं, आणि तरी गावांतली चर्चं राहिली, माणसं राहिली, नंदाखालचं चर्च तर पवित्र आत्म्याच्याच नावाचं. राहिलं नाही ते हे हातापायांचं शास्त्र.

आणि ती पट्टी. जुन्या काळी युरोपात तेल लावल्यावर कपाळाला तागाच्या कापडाची पट्टी बांधत, तेल सांडू नये, कुणाचा हात लागू नये म्हणून. कुठं ती सात दिवस ठेवत, कुठं तीन, कुठं एकच दिवस, आणि मग ती चर्चमध्ये सोडून जाळून टाकत. कल्पना करा, सगळं गाव कपाळाला पट्ट्या बांधलेल्या पोरांनी भरलेलं, जत्रेत मारामारी करून आल्यागत. आमच्या वेळेपर्यंत पट्टीचा कापूस झाला होता. पण कुणी सांगितलं नसताना, कुठं वाचलं असण्याचा प्रश्नच नसताना, आत्यानं मला त्या दिवशी तोंड धुऊ दिलं नाही. ‘कपाळाला पाणी लावायचं नाही उद्यापर्यंत,’ एवढंच. दिवसभर सगळी पोरं विहिरीवर पाणी उडवत होती आणि मी मान पुसत पायरीवर बसून होते, आणि रात्री उशीवर कूस बदलली की तो बाल्समचा वास अंधारात थोडासा हलायचा. कुठून आलं असेल तिच्याकडे ते? एवढ्या लांबच्या जुन्या पट्टीचा एक धागा तिच्या तोंडून निघावा, हे मला आजही उलगडत नाही, आणि विचारावं तर आत्या नाही.

आत्या गेली त्या आठवड्यात फादर तिला आजाऱ्यांचं तेल लावायला आले होते. चर्चमध्ये तेलं तीन असतात, आणि तिन्हींत सुगंध फक्त क्रिझमला. आजाऱ्यांच्या तेलात बाल्सम नसतो. ते आधी कपाळावर लावतात, मग दोन्ही तळहातांवर. मी तिच्या उशाशी होते. मी कधी तिच्या खांद्यावर हात ठेवला ते मला कळलंच नाही, आणि कळल्यावर मी तो काढला नाही. खांदा हाडाचा झाला होता. फादरांनी तिचे तळहात उघडले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला घट्टे लागले असणार, फुलांच्या टोपल्यांची कडी धरून धरून पडलेले; ते जरा थांबले आणि क्रूस पुन्हा काढला, नीट. मी वाकून वास घेतला. तेलाला काही वास नव्हता. तिच्या हातांनाही आता मोगऱ्याचा वास नव्हता, वाडी पुतण्यांनी विकली होती, तिथं इमारतीचे खांब उभे राहिले होते, आणि खोलीत फक्त डेटॉलचा आणि मोसंब्याच्या सालीचा वास होता. कपाळ चमकत होतं. मी नर्सला ते पुसू दिलं नाही. उद्यापर्यंत, म्हणाले.

मध्यंतरी भावाच्या नातीचं दृढीकरण झालं. बिशप आता वसईचेच आहेत, दूरच्या माणसाची ती थरथर राहिलेली नाही. मुलं त्यांना ओळखतात, हात हलवतात. गाणी मराठीत, वाचनं मराठीत, आणि मुलीनं आपल्या वतीनं ‘होय, माझी श्रद्धा आहे’ असं इतकं खणखणीत म्हटलं की मला तिचा हेवा वाटला. आम्हांला आपण काय कबूल केलं ते पुढं कितीतरी दिवसांनी कळलं होतं. १९८३च्या कायद्यानं आता उलट सुचवलं आहे, की शक्यतो स्नानसंस्काराचेच धर्ममातापिता दृढीकरणालाही उभे राहावेत, म्हणजे दोन संस्कारांचं नातं स्पष्ट होईल. बरोबर आहे. नातीच्या मागंही तिची तीच धर्ममाता होती, कुवेतहून आलेली, आणि तिचा हात खांद्यावर नीट होता, फक्त छायाचित्रकारानं तो जरा खाली घ्यायला सांगितला, मुलीचा चेहरा झाकला जात होता म्हणून. अंगठा टेकला, शांती दिली घेतली, टिश्यूनं कपाळ पुसलं. मी पहिल्या रांगेत नव्हते, तरी तो वास माझ्यापर्यंत आला, पुसटसा, एसीच्या गार हवेतून, आणि माझा हात माझ्या गालाकडे गेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, दाढ दुखते का?

तुम्हांला लिंबाचं सांगायचं राहिलंच. सगळ्यांना तेल लावून झालं की बिशपांचा अंगठा तेलानं थबथबलेला असे, आणि ते तेल साध्या फडक्याला पुसायचं नाही; म्हणून त्यांच्यापुढं पावाचा चुरा, लिंबाच्या फोडी आणि पाण्याचं तस्त आणत. पावानं तेल ओढून घ्यायचं, लिंबानं चिकटपणा काढायचा, मग पाणी. आणि ते पाणी, तो चुरा, तो कापूस, काहीही रस्त्यावर किंवा मोरीत जाऊ द्यायचं नाही, जाळायचं किंवा चर्चच्या जमिनीत मुरवायचं. रोममध्ये बसून कुणीतरी हे ठरवलं असेल तेव्हा त्याला वसईतल्या मे महिन्यात लिंबं किती महाग होतात हे माहीत नसणार. आदल्या संध्याकाळी चर्चची व्यवस्था बघणारा साक्रिस्तान आमच्याकडे लिंबं मागायला आला, कारण गावात फळ धरलेलं झाड आत्याचंच होतं, विहिरीच्या कडेला, रहाटाचं सांडपाणी पिऊन पोसलेलं. तिनं झाडावर चढायला मला लावलं, मोजून चार उतरवून घेतली, त्यातलं एक परत ठेवलं कारण त्याला डाग होता, आणि त्याच्या जागी दुसरं दिलं. विधी संपला, लोक अंगणात केक आणि सरबत घेऊ लागले, बिशपांच्या अंगठीपाशी रांग लागली, आणि आत्या मला हाताला धरून थेट मागच्या दारानं साक्रिस्तीत घुसली. तस्तात पिवळट तवंग होता, त्यावर पावाचे कण आणि पिळलेल्या फोडी तरंगत होत्या. बाजूला बशीत दोन लिंबं तशीच, न कापलेली. साक्रिस्तान म्हणाला, राहू द्या, फादरांच्या जेवणाला होतील. आत्यानं बशीतली दोन्ही लिंबं उचलून कनवटीला लावली आणि म्हणाली, ‘बिशपांना दिली ती दिली. ही माझी आहेत.’